शनिवारचं घर

मोशीचा पूल येईपर्यंत दादा एक शब्द बोलले नाहीत. दादा म्हणजे माझे वडील. एस.टी. इंद्रायणीवर आली तेव्हा त्यांनी नदीला हात जोडले, मलाही जोडायला लावले आणि खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "तिथं कुणी पानात वाढायला आलं, तर नको म्हणायचं नाही. कितीही लाज वाटली तरी नाही." मला वाटलं, आता पुढे गुरुजींशी कसं वागायचं, पहाटे कसं उठायचं वगैरे सांगतील. पण उपदेश तेवढ्यावरच आटोपला. भोसरीला उतरून चिंचवडपर्यंत आम्ही चालत गेलो, तेवढ्या लांबच्या वाटेतही त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो. मुंज झाली होती, चौथी झाली होती, आणि दिवाळी संपताच मला पवनेच्या काठच्या एका वेदपाठशाळेत ठेवायचं ठरलं होतं. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. रेल्वेपलीकडे पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि आमच्या गावातली माझ्या बरोबरीची पोरं मोठेपणी तिथे चिकटायच्या गप्पा मारत होती. मी मात्र शेंडी राखून वेद शिकायला निघालो होतो. यात कुणाची जबरदस्ती नव्हती. मलाच जायचं होतं आणि त्याचं कारण दादा होते.

दादा आमच्या चाकणजवळच्या गावचे जोशी. पंचांग सांगणं, सत्यनारायण, साधं लग्न एवढं त्यांना येई. लहानपणी तेही याच पाठशाळेत आले होते, पण वर्षाच्या आत घरी परतले आणि शिक्षण तिथेच थांबलं. का परतलात असं विचारलं, की "यावं लागलं," एवढंच म्हणत. त्यामुळे गावात कुणाकडे मोठी शांत किंवा वास्तू असली, की चाकणहून दुसरे गुरुजी येत. ते घडाघडा म्हणत आणि दादा बाजूला बसून समिधा पुढे करत, निखारे सारत. एकदा पाटलांच्या अंगणात एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "आपल्या भटजींस्नी ह्ये न्हाई येत. अर्ध्यातनं आल्यात ते." दादांनी ते ऐकलं आणि निखारे सारत राहिले. मी त्या म्हाताऱ्याच्या चपला उचलून विहिरीमागे फेकून दिल्या. राग मला तेव्हाही लवकर यायचा. त्याच दिवशी मी ठरवलं, की आपण सगळं शिकून यायचं आणि त्याच अंगणात दादांच्या शेजारी बसून म्हणून दाखवायचं.

पाठशाळा म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे नदीकडे उतरणारी पाऊलवाट. विद्यार्थी आठ-नऊ. गुरुजी जवळच्याच आळीत स्वतःच्या घरी राहत. आम्ही पोचलो तो रविवार होता आणि गुरुजी ओट्यावर उभे होते, उंच, काटकुळे, डोळे बारीक करून बघणारे. दादांनी पायरीखालूनच नमस्कार केला. गुरुजी "वर ये" म्हणाले, तर दादा म्हणाले, गाडी चुकेल, पोराचं पांघरूण अजून शिवून झालं नाही, ते शनिवारी घेऊन येतो. आणि पाठ फिरवून चालायलाच लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. घटकाभर टेकले असते तर काय बिघडलं असतं? खरं म्हणजे मला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा रागावणं मला सोपं जायचं.

पाठशाळेत स्वयंपाकघर नव्हतं. रात्री देवळाकडून आलेला भात आणि ताक सगळ्यांना मिळून असे, पण खरं जेवण दुपारचं, आणि ते गावात. प्रत्येक विद्यार्थ्याला सात घरं लावून दिलेली असत. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं करत आठवडा काढायचा. याला वार लावून जेवणं म्हणतात. माझेही सात वार माझ्या येण्याआधीच ठरवून ठेवले होते. गुरुजींचे यात दोन नियम होते. एका घरावर एका दिवशी एकच विद्यार्थी, हा पहिला. दुसरा कडक होता. ज्याचे सातही वार भरलेले नाहीत, त्याला ठेवून घ्यायचं नाही. मला तो नियम मुळीच पटला नाही. एक दिवस उपाशी राहिलं म्हणून कुणी मरतं का, असं मी पाठशाळेतल्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थ्याला विचारलं. तो चिपळूणकडचा होता, मिसरूड फुटलेला, आणि त्याच्याच सतरंजीवर मला झोपायला अर्धी जागा मिळाली होती. तो म्हणाला, "मेल्या, उद्या जेवायला जा आधी, मग मरणाचं बोलू."

सोमवारचं घर टपाल कचेरीतल्या एका गृहस्थांचं होतं. ते कामावर गेलेले होते. घरात एक तरुण काकू आणि त्यांच्या सासूबाई. काकूंनी पान मांडलं, चटणी, कोशिंबीर, भोपळ्याची भाजी, आमटी, भात आणि मऊसूत पोळ्या. आमच्या घरी पोळी सणाला व्हायची. एरवी बाजरीची भाकरी, आणि ती मी भरपूर खायचो. काकूंनी विचारलं, "आणखी एक वाढू?" मी म्हटलं, "हो." पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. दादांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. शिवाय भूकही होती, हे कबूल केलं पाहिजे. काकू हसून वाढत होत्या, मग त्यांचं हसणं कमी झालं, पण विचारणं काही थांबेना. त्या विचारतात म्हणजे त्यांना वाढायचंय, असं मी धरून चाललो होतो. दाराशी माळ ओढत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला. मधे काकू आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि त्या एक घडीची पोळी घेऊन आल्या. "वाढू ना?" त्यांनी जरा हळूच विचारलं. मी हो म्हटलं. ती त्यांच्या स्वतःच्या वाटची होती, हे मला तिथे बसून कळणं शक्यच नव्हतं.

मोठ्या विद्यार्थ्याला मी संध्याकाळी सगळं मोठ्या खुशीत सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने मला या गावची रीत समजावली. पहिल्यांदा विचारतात तेव्हा हो म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं, की अर्धी चालेल म्हणायचं. तिसऱ्यांदा वाढायला आल्या, की पानावर हात आडवा धरायचा आणि मान हलवायची. तरीही त्या वाढणार नाहीत असं नाही, पण आपण हात धरायचाच. विचारणं ही त्यांची रीत आणि हात धरणं ही आपली. हे त्याला चिपळूणला कुणी शिकवलं नव्हतं, पण उपजतच ठाऊक होतं असं त्याचं म्हणणं. मला ही सगळी पद्धत खोटेपणाची वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. वाढायचं नसेल तर विचारू नये, एवढं साधं आहे.

पण साधं ते मला. मंगळवारी सकाळी सोमवारच्या घराला लागून असलेल्या घरातून निरोप आला, की आमच्याकडचा शनिवार जमणार नाही. कारण सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. सासूबाई आणि ती शेजारीण दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत. नवा मुलगा खादाड आहे, ही बातमी दुपारपर्यंत आळीच्या टोकाला पोचली होती. गुरुजींनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की शनिवारपर्यंत दुसरं घर मिळालं तर ठीक. नाहीतर वडील पांघरूण घेऊन येतीलच, त्यांच्याबरोबर परत जायचं. मला पाटलांचं अंगण दिसत होतं आणि तो म्हातारा. बापही अर्ध्यातनं आला आणि लेकही, असं तो म्हणणार हे मला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं, की मी मनातल्या मनात त्याच्या चपला पुन्हा एकदा फेकल्या. आणि मग सगळा राग दादांवर वळला. एकच उपदेश केला आणि तोही असला.

त्या दिवसापासून मी पानावर हात ठेवायला लागलो. तिसऱ्यांदा नाही, पहिल्यांदाच. मंगळवारच्या घरी आमटी-भात होता, भात एकदाच घेतला आणि हात धरला. बुधवारी पिठलं-भाकरी, माझ्या ओळखीचं जेवण, तिथे तर हात धरताना जिवावर आलं. गुरुवारच्या घरी थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "लाजतोस काय असा?" मी लाजत नव्हतो, संतापलो होतो, पण हात हलवला नाही. हाताखालून खमंग वास येत राहिला. गाव मला खादाड म्हणतंय ना, मग बघाच, अशा हट्टाने मी अर्धपोटी उठत होतो. मला वाटत होतं, ही बातमीही विहिरीवर पोचेल आणि शनिवार परत मिळेल. पण कमी खाणाऱ्याची बातमी होत नाही, हे मला त्या आठवड्यात समजलं.

बाकी दिवस ठरलेले होते. पहाटे नदीवर अंघोळ. कार्तिकातलं पवनेचं पाणी असं गार, की पहिल्या दिवशी मी नुसते पाय भिजवून परत फिरलो आणि मोठ्या विद्यार्थ्याने मला मानगूट धरून बुडवलं. मग संध्या, मग संथा. संथा म्हणजे गुरुजी एक चरण म्हणणार आणि आम्ही तो तसाच दोनदा म्हणायचा, असं पुन्हा पुन्हा, तोंडात बसेपर्यंत. नवीन मुलाच्या डोक्यावर गुरुजी स्वतःचा हात ठेवत. स्वर खाली गेला की त्या हाताने मान खाली दाबत, वर गेला की वर उचलत. त्यांचा हात जड होता, पण मला तो आवडायला लागला. दोन दिवसांत माझी मान आपोआप हलायला लागली आणि गुरुजींनी हात नुसता टेकवून ठेवला. दादांना घरी पूजा करताना मान अशीच हलवताना मी पाहिलं होतं. जेवढं त्यांना येत होतं, तेवढं ते अगदी स्वच्छ म्हणत. कारखान्याचा भोंगा झाला, की आमची सकाळची संथा संपायची. मग कोण कुणाच्या घरी जाणार, आज कुणाकडे काय असेल, याच्या चर्चा. त्यात मी नसायचो.

शनिवारसाठी घर शोधायला मोठा विद्यार्थी मला घेऊन हिंडला. गावठाणातली ब्राह्मणांची बहुतेक घरं आधीच कुणा ना कुणाला लागलेली होती. काही घरं कुलपं लावून पुण्याला गेलेली. मग आम्ही स्टेशनकडे नवीन भाड्याने आलेल्या एका कोकणातल्या कुटुंबाकडे गेलो. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी आम्हाला गूळ-पाणी दिलं. पण यजमान कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. कधी दुपारी घरात चूलच पेटत नाही, शनिवारचं कसं सांगू, असं त्या म्हणाल्या. परत येताना मोठा विद्यार्थी मुद्दाम चिपळूणच्या गोष्टी सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. रुळांवरून पुण्याकडे एक गाडी गेली, तिच्याकडे बघताना मला घरची फार आठवण आली. घरी जायचं होतं आणि परत पाठवलेलं मात्र नको होतं.

शुक्रवारी संथेला माझा आवाज निघेना. पहिला चरण कसाबसा म्हटला, दुसऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. गुरुजींनी विचारलं, "काल जेवलास का?" मी "हो" म्हटलं. ते डोळे बारीक करून बघत राहिले आणि त्यांनी मला ओट्यावर जाऊन बसायला सांगितलं. तिथे बसल्या बसल्या मला ती युक्ती सुचली. शनिवार हा मारुतीचा वार. पुष्कळ लोक शनिवारी उपास करतात. मीही शनिवारचा उपास धरला, तर मला शनिवारी घराची गरजच काय? वार रिकामा राहत नाही, उलट पुण्याने भरतो. नियम मोडत नाही आणि कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मोठ्या विद्यार्थ्यालाही ती पसंत पडली. डोकं आहे तुला, असं तो म्हणाला, आणि ते तो सहसा कुणाला म्हणत नसे.

शनिवारी सकाळी संथा संपल्यावर मी गुरुजींपुढे उभा राहिलो आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. गुरुजी पोथी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"हे तुला वडिलांनी सांगितलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

गुरुजींनी पोथीच्या फडक्याला गाठ मारली, ती सोडली आणि पुन्हा मारली. मग म्हणाले, "त्यानंही शनिवारच धरला होता."

मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी समोर बसवून घेऊन सांगितलं. ते आणि दादा एकाच वर्षी इथे आले होते, एका सतरंजीवर झोपत होते. दादांना शनिवारचं घर मिळालं नव्हतं. त्यांनी तेव्हाच्या गुरुजींना शनिवारचा उपास आहे म्हणून सांगितलं आणि राहिले. शिवाय दादा लाजाळू. बाकीच्या घरीही वाढायला आलं, की पहिल्यांदाच पानावर हात. रात्री पोटात कळ यायची, तेव्हा सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. हे एकट्या या गुरुजींनाच माहीत होतं, आणि दादांनी त्यांना जानव्याची शपथ घातली होती. शिमग्याच्या आधी दादांना ताप भरला तो उतरेना. आजोबा बैलगाडी घेऊन आले आणि त्यांना घोंगडीत गुंडाळून घेऊन गेले. दादा परत आलेच नाहीत. पुढे ही पाठशाळा माझ्याकडे आली तेव्हा सातही वार भरलेले हवेत, हा नियम मी सगळ्यात आधी केला, असं गुरुजी म्हणाले, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

आठवडाभर मी ज्या उपदेशावर दात-ओठ खात होतो, तो दादांनी कुठून आणला होता, हे मला तेव्हा समजलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. पाठशाळेबद्दल त्यांना जे कळलं होतं, ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मला एकदम त्यांना बघावंसं वाटलं.

ते दुपारी आले, पांघरूण खांद्यावर टाकून, धुळीने भरलेले. पायरीखाली थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण पांघरूण त्यांनी खाली ठेवलंच नाही. गुरुजी ओटा उतरून त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, की आधी घरी चल, जेवायला बसायचंय. दादा गाडीचं काहीतरी बोलायला लागले. गुरुजींनी त्यांच्या खांद्यावरचं पांघरूण काढून घेतलं, माझ्या हातात दिलं आणि चालायला लागले. आम्ही दोघं त्यांच्या मागून गेलो.

गुरुजींच्या घरी शनिवारी एक विद्यार्थी आधीच जेवायला असे. त्याच्या शेजारी त्यांनी माझा पाट मांडायला सांगितला आणि हा इथून पुढे दर शनिवारी आपल्याकडे, असं घरात सांगून टाकलं. एका घरावर एकच विद्यार्थी, हा नियम त्यांचाच होता आणि तो त्यांनीच मोडला. गुरुजींच्या पत्नीला सगळे विद्यार्थी माई म्हणत. माईंनी मान डोलावली आणि दादांसाठी माझ्या दुसऱ्या बाजूला पाट मांडला. दादांना काय चाललंय ते नीट उमगत नव्हतं, पण मी राहणार एवढं कळलं होतं. ते बसले, आचमन केलं आणि खाली मान घालून जेवायला लागले.

माई वरणभात वाढून गेल्या. मग पोळ्यांची परात घेऊन आल्या. मी घेतली. दादांपुढे वाकल्या, तोच दादांचा हात पानावर आडवा आला. मान वर न करता, झटकन. तो हात मी ओळखला. आठवडाभर तो माझाच होता.

"हात काढ," गुरुजी म्हणाले.

दादांनी वर पाहिलं.

"तेव्हा मी गप्प बसलो. आता नाही बसणार. हात काढ."

माई परात धरून तशाच वाकून उभ्या होत्या. दादांनी हात पानावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. माईंनी वाढलं. मग पुन्हा वाढलं, न विचारता. दादा जेवत राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो.